मॅपचा वरचा उजवा कोपरा

पेट्रोल इंजिनाच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, शेकडो तक्ते भरलेले असतात. आम्ही कॅलिब्रेशनवाले त्यांना मॅप म्हणतो. आडव्या बाजूला आरपीएम, उभ्या बाजूला लोड आणि मधल्या प्रत्येक चौकटीत एक आकडा: ठिणगी कधी पडावी, पेट्रोल किती सुटावं, व्हॉल्व्ह कधी उघडावेत. खालचा डावा भाग म्हणजे सिग्नलला थांबलेली किंवा गल्लीतून हळू निघालेली गाडी. वरचा उजवा कोपरा म्हणजे पाय पूर्ण दाबलेला आणि आरपीएम शिगेला. माझं नोकरीतलं आयुष्य या चौकटी भरण्यात गेलं. आधी पुण्यात छोट्या गाड्यांच्या इंजिनांवर, मग जर्मनीत श्टुटगार्टच्या परिसरात स्पोर्ट्स कारच्या इंजिनांवर. टर्बो श्रेष्ठ की बिनटर्बोचं इंजिन, हा वाद दोन्हीकडे ऐकला, दोन्ही बाजूंनी हिरिरीनं मांडलेला. या चौकटी भरता भरता माझं मत असं झालं की हा वाद इंजिनांच्या गुणांवर कधी सुटलाच नाही. तो मोजण्याच्या पद्धतीनं सोडवला. प्रदूषणाचा कायदा मॅपच्या ज्या भागाकडे बघतो तो भाग स्वच्छ होतो, आणि जिकडे बघत नाही तिथे पेट्रोल वाया जात राहतं.

बिनटर्बोचं, म्हणजे नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिन. आमच्या रोजच्या बोलण्यात एनए. पिस्टन खाली जातो, सिलिंडरमध्ये जागा होते आणि बाहेरची हवा स्वतःच्या दाबानं आत येते. समुद्रसपाटीला हा दाब साधारण एक बार. म्हणून ताकद वाढवायची तर मुख्यतः दोनच वाटा: इंजिन मोठं करा, नाहीतर आरपीएम वाढवा. टर्बोमध्ये इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला वायू टर्बाइन फिरवतो आणि त्याच दांड्यावर बसवलेला कॉम्प्रेसर हवा दाबून आत ढकलतो. लोहाराच्या भट्टीनं आपलाच भाता आपण ओढावा, तसा हा प्रकार. त्यामुळे लहान इंजिन मोठ्या इंजिनाएवढी हवा घेतं, पण भट्टी पेटून भात्याला गती येईपर्यंत थोडी वाट बघावी लागते.

त्या वाट बघण्याचा अर्थ मला जर्मनीत कळला. पुण्यात माझ्यासमोर आलेली इंजिनं हजार-बाराशे सीसीची होती. त्यांच्यात प्रश्न असायचा मायलेजचा. जर्मनीत पहिल्यांदा ९,००० आरपीएमपर्यंत जाणारं सहा सिलिंडरचं एनए इंजिन टेस्ट बेडवर बघितलं. काचेपलीकडे एक्झॉस्टचे पाइप लालबुंद झाले होते आणि आवाज पायांखालच्या फरशीतून वर येत होता. पण मला सर्वांत विलक्षण वाटली ती स्क्रीनवरची रेघ. थ्रॉटल उघडण्याची रेघ आणि टॉर्कची रेघ जवळजवळ एकमेकींना चिकटून वर गेल्या. पुढे तेच इंजिन गाडीत बसवून वळणांवर चालवलं, तेव्हा उजव्या पायाची बारीकशी हालचालही मागच्या चाकांपर्यंत जशीच्या तशी पोचते, हे अंगात उतरलं. ही गोष्ट हौसेची असेल, पण खोटी नाही. यंत्र माणसाशी इतकं प्रामाणिक वागतं तेव्हा माणूसही ते नीट चालवायला शिकतो.

ज्यांच्यासाठी मी काम केलं त्यांची नावं कराराने बांधलेली आहेत, म्हणून पुढची उदाहरणं सगळ्यांना ठाऊक असलेल्या गाड्यांची देते. २०१४-१५ च्या सुमाराला युरोपातली स्पोर्ट्स कार एका दमात बदलली. बीएमडब्ल्यूच्या एम-थ्रीमधलं ८,००० च्या वर जाणारं चार लिटरचं व्ही-एट गेलं आणि तीन लिटरचं टर्बो सिक्स आलं. फेरारीच्या ४५८ मध्ये साडेचार लिटरचं ५७० अश्वशक्तीचं एनए इंजिन होतं. २०१५ च्या ४८८ मध्ये ३.९ लिटरचं ट्विन टर्बो आलं, ६७० अश्वशक्तीचं. त्याच वर्षी पोर्शेनं साध्या नाइन-इलेव्हन कॅरेरालाही टर्बो दिला. कॅरेरा एसमध्ये आधी ३.८ लिटरमधून ४०० अश्वशक्ती आणि ४४० न्यूटन-मीटर टॉर्क मिळत होता, तोही ५,६०० आरपीएमला. नव्या तीन लिटरच्या इंजिनानं ४२० अश्वशक्ती आणि ५०० न्यूटन-मीटर दिले, तेही १,७०० आरपीएमपासून. कागदावरचा पेट्रोलचा खप १०० किलोमीटरमागे एक लिटरनं उतरला.

कागदावरचा, हे मुद्दाम म्हणते. तेव्हा युरोपात खप आणि प्रदूषण मोजायची चाचणी एनईडीसी नावाची होती. २० मिनिटं, ११ किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास आणि वेग वाढवायचा तोही अगदी सावकाश. चारशे अश्वशक्तीची गाडी या चाचणीत मॅपच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेरच पडत नाही. मोठं एनए इंजिन तिथे अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून कष्टानं हवा ओढत राहतं आणि त्या ओढण्यात पेट्रोल जातं. लहान टर्बो इंजिनाला तेवढंच काम करायला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, घर्षणही कमी, म्हणून त्याचा आकडा चांगला येतो. त्यातच युरोपीय संघानं कंपनीच्या सगळ्या गाड्यांची मिळून कार्बन डायऑक्साइडची सरासरी बांधून दिली: २०१५ मध्ये किलोमीटरला १३० ग्रॅम, २०२१ पर्यंत ९५. २०१९ पासून तर सरासरी एका ग्रॅमनं ओलांडली, तरी विकलेल्या प्रत्येक गाडीमागे ९५ युरो दंड. हा हिशेब मांडल्यावर टर्बो निवडायला कुणाच्या आवडीनिवडीची गरज उरली नाही.

इंजिनाचा आकार असा बाहेरून ठरण्याची ही पहिली वेळ नव्हती. इटलीत दोन लिटरच्या वरच्या गाड्यांवर जबर कर होता, म्हणून १९८२ मध्ये फेरारीनं आपल्या २०८ या गाडीच्या दोन लिटरच्या व्ही-एटला टर्बो लावला. तेव्हा कर मोजणारा होता, आता धूर मोजणारा आला.

टर्बोचा दुसरा चेहरा मी दक्षिण इटलीतल्या नार्दोच्या ट्रॅकवर बघितला. साडेबारा किलोमीटरचं ते गोल रिंगण, गाडी पूर्ण वेगानं फिरत राहते आणि आपण मांडीवर लॅपटॉप घेऊन एक्झॉस्टचं तापमान बघत बसायचं. पूर्ण बूस्टवर, म्हणजे कॉम्प्रेसर पुरेपूर हवा दाबत असताना, सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता इतकी वाढते की ठिणगीची ज्वाळा पोचण्याआधीच पेट्रोल आपोआप पेट घेऊ लागतं. त्यालाच नॉक म्हणतात. ते टाळायला ठिणगी उशिरा पाडायची. ठिणगी उशिरा पडली की एक्झॉस्ट आणखी तापतो, हजार अंशांकडे जातो आणि टर्बाइन धोक्यात येतं. मग त्याला गार करायला लागतं जास्तीचं पेट्रोल. पुण्याहून नव्यानं आलेली एक मुलगी त्या वेळी माझ्याबरोबर होती. स्क्रीनवर बोट ठेवून तिनं विचारलं, "ताई, इथे लॅम्डा ०.८? इतकं रिच कशासाठी?"

"टर्बाइन वाचवायला."

"म्हणजे हे जास्तीचं पेट्रोल जळतच नाही?"

"पुरतं नाही. वाफ होऊन उष्णता घेतं आणि बाहेर जातं."

"आणि कॅट?"

तिनं नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. एका भाग पेट्रोलला वजनानं साधारण १४.७ भाग हवा असं प्रमाण राहिलं, म्हणजे लॅम्डा एक असला, तरच थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिन्ही विषारी वायू एकदम साफ करतो. पेट्रोल वाढलं की कॅटला ऑक्सिजन मिळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तसाच नळीतून बाहेर पडतो. एनए इंजिनंही पूर्ण लोडवर थोडं रिच चालवली जात, पण बूस्टखालच्या लहान इंजिनाला याची गरज फार जास्त. आणि जर्मनीत हा कोपरा काल्पनिक नाही. वेगमर्यादा नसलेल्या ऑटोबानवर लोक रोज तिथे जातात. ज्या इंजिनाला चाचणीनं काटकसरी ठरवलं होतं, त्याचा हात तिथे सैल सुटत होता. कायद्यात बसणारं सगळं आम्ही करत होतो. कायद्याची नजर तिथपर्यंत जात नव्हती.

२०१७ पासून ती नजर सरकली. नव्या मॉडेलांसाठी सप्टेंबर २०१७ पासून आणि वर्षभरानं सगळ्याच नव्या गाड्यांसाठी डब्ल्यूएलटीपी चाचणी लागू झाली: अर्धा तास, २३ किलोमीटर, वेग ताशी १३१ पर्यंत. शिवाय खऱ्या रस्त्यावरची चाचणी, आरडीई. गाडीच्या मागे वायू मोजणारी पेटी लटकवायची आणि शहर, गावाकडचे रस्ते, महामार्ग असं दीड ते दोन तास चालवायचं. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना सूक्ष्म कणांवर किलोमीटरमागे ६०० अब्ज कणांची मर्यादा आली, आधीच्या सवलतीपेक्षा दहापट कडक. त्यासाठी एक्झॉस्टमध्ये पार्टिक्युलेट फिल्टर बसला.

आता दोन्ही इंजिनांची दुखणी बदलली. टर्बोवाल्यांना पहिला त्रास थंड सुरुवातीचा. कॅट तीनशे अंशांच्या आसपास तापला की कामाला लागतो, तोपर्यंतची घाण सरळ बाहेर. इंजिन आणि कॅट यांच्यामध्ये टर्बाइनचं जड लोखंड उभं असतं आणि पहिली उष्णता तेच पिऊन टाकतं. एनए इंजिनात कॅट अगदी जवळ बसवता येतो, तो लवकर तापतो. इथे एनए वरचढ ठरलं. पण कणांच्या बाबतीत उंच आरपीएमच्या इंजिनाची कसोटी लागली. ९,००० आरपीएमला एक फेरा ६.७ मिलिसेकंदांत पुरा होतो. हवा आत घेणारा स्ट्रोक ३.३ मिलिसेकंदांचा. एवढ्या वेळात पेट्रोल फवारायचं, त्याची वाफ व्हायची आणि ते हवेत मिसळायचं. थेंब पिस्टनवर किंवा सिलिंडरच्या भिंतीवर राहिला तर तो काजळी होऊनच निघतो. स्वीडनच्या उत्तरेला, आर्येप्लोगला, उणे पंचवीसच्या थंडीत पहाटे गाडी सुरू करताना हे डोळ्यांना दिसतं: गार धातूवर पेट्रोल वाफ व्हायला तयार नसतं. एकाऐवजी दोन-तीन छोट्या फवाऱ्यांत पेट्रोल सोडायचं, दाब वाढवायचा, वेळ अंशाअंशानं सरकवायची आणि पुन्हा दुसऱ्या पहाटेची वाट बघायची. कणमोजणीचा आकडा थोडा जरी उतरला तरी आम्ही सगळे उजळून निघायचो.

फिल्टरचा फटकाही एनएला जास्त बसला. असं इंजिन एक्झॉस्टच्या दाबलहरींवर जगतं. पाइपची लांबी अशी साधलेली असते की एक सिलिंडर रिकामा होताना दुसऱ्याला श्वास घ्यायला मदत होते. त्या वाटेत फिल्टर आला की हे गणित विस्कटतं. टर्बोला मागचा दाब सोसायची सवय असते, शिवाय थोडा बूस्ट वाढवून तूट भरून काढता येते. एनएला कुठून भरून काढणार? २०२४ च्या नाइन-इलेव्हन जीटी-थ्रीकडे बघा. दोन पार्टिक्युलेट फिल्टर आणि चार कॅट लावून हे चार लिटरचं एनए इंजिन ५१० अश्वशक्तीवर टिकवलं, पण टॉर्क ४७० वरून ४५० न्यूटन-मीटरवर आला. वाचणाऱ्याला त्या २० न्यूटन-मीटरमध्ये घट दिसेल. मला त्यात माझ्याच व्यवसायातल्या माणसांची वर्षं दिसतात. एवढी गाळणी लावूनही तोटा तेवढ्यावर थांबवला म्हणून.

याच काळात एक उलटी गोष्ट घडली आणि माझी खात्री पक्की झाली. पोर्शेनं २०१६ मध्ये केमन आणि बॉक्सस्टरला दोन आणि अडीच लिटरची चार सिलिंडर टर्बो इंजिनं दिली होती. २०१९ मध्ये केमन जीटी-फोर आणि स्पायडरसाठी, आणि २०२० मध्ये जीटीएससाठी, चार लिटरचं सहा सिलिंडरचं एनए इंजिन परत आलं. कायदे सैल झाले म्हणून नव्हे. उलट कणांची मर्यादा आणि नवी चाचणी दोन्ही लागू झाल्यानंतर. त्यात फिल्टर होते, अतिशय वेगानं उघडमीट करणारे पिझो इंजेक्टर होते आणि हलक्या लोडला एका बाजूची तीन सिलिंडर बंद ठेवायची सोय होती. म्हणजे खालच्या डाव्या कोपऱ्यातलं टर्बोचं वर्चस्व त्यानं थोडंफार मोडून काढलं. मोजणीची जागा हलली की एनए आपोआप हरत नाही, हे त्या गाडीनं दाखवलं.

अर्थात सगळं श्रेय कसबाला देणं बरोबर होणार नाही. काही एनए इंजिनं सवलतीवर जगली. वर्षाला दहा हजारांपेक्षा कमी गाड्या युरोपात विकणाऱ्या कंपनीला कार्बन डायऑक्साइडचं वेगळं लक्ष्य मागता येतं. फेरारीचे व्ही-ट्वेल्व्ह त्या आडोशाला आहेत. मोठ्या समूहातल्या कंपनीची सरासरी समूहातल्या छोट्या आणि विजेच्या गाड्या सांभाळतात. ज्याला परवडतं त्याच्यासाठी ९,५०० आरपीएमचं फेरारी १२चिलिंद्री आहे. ज्याला मध्यम किमतीची साधी, हलकी, गाणारी गाडी हवी त्याच्यासाठी युरोपात आता फारच थोडं उरलंय. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कायदा सर्वांना सारखा असावा आणि सूट मिळालीच तर ती कमी इंधन लागणाऱ्या हलक्या गाडीला मिळावी, पैशाला नव्हे.

तरीही नियम सैल करा, असं मी कधी म्हणणार नाही. श्टुटगार्ट हे द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांनी वेढलेलं खोलगट शहर आहे. हिवाळ्यात वारा पडला की हवा तिथेच कोंडते. जानेवारी २०१६ पासून शहरात सूक्ष्म धुळीचा इशारा दिला जाऊ लागला, नेकारटोरच्या रस्त्यावरचं मोजणी केंद्र देशभर गाजलं आणि २०१९ पासून जुन्या डिझेल गाड्यांना शहरबंदी झाली. मी त्या रस्त्यावरून कामाला जायचे आणि बाबागाडी ढकलत जाणाऱ्या आया फुटपाथवर दिसायच्या. बाळाचं नाक गाडीच्या नळीच्या उंचीवर असतं. इंजिनाचा आवाज मला कितीही प्रिय असला तरी त्या बाळाच्या छातीपुढे त्याची किंमत नाही. आणि एक इंजिनिअर म्हणून सांगते, या नियमांनी आमच्याकडून जेवढं चांगलं काम करवून घेतलं तेवढं कुठल्याही स्पर्धेनं करवून घेतलं नसतं.

त्याचा सर्वांत चांगला पुरावा तोच वरचा उजवा कोपरा. आता उद्योगाचं ध्येय आहे संपूर्ण मॅपवर लॅम्डा एक. युरो ७ हा युरोपचा पुढचा प्रदूषण नियम नोव्हेंबर २०२६ पासून नव्या मॉडेलांना लागू होतोय. त्यात २३ ऐवजी १० नॅनोमीटरपासूनचे कण मोजायचे आहेत आणि ब्रेक-टायरची झीजही हिशेबात आहे. जास्तीचं पेट्रोल ओतून टर्बाइन गार करण्याचे दिवस संपत आलेत. २०२४ च्या नाइन-इलेव्हन जीटीएसमध्ये पोर्शेनं इंजिन तीन लिटरवरून ३.६ लिटरचं केलं, दोनऐवजी एकच टर्बो ठेवला आणि त्याच्या दांड्यावर विजेची मोटर बसवली. मोटर टर्बाइनला क्षणात गती देते, म्हणून वाट बघणं जवळजवळ संपतं. आणि इंजिन सगळ्या मॅपभर लॅम्डा एकवर चालतं. नीट बघितलं तर इथे टर्बोनं एनएचे दोन गुण उचलले: आकारानं मोठं होणं आणि पायाला तत्काळ उत्तर देणं. इंजिन लहान करत नेण्याची शर्यत थांबली, कारण नजर आता वरच्या कोपऱ्याकडे वळली.

पुण्याला येते तेव्हा हा विषय मला स्पोर्ट्स कारपुरता राहिलेला दिसत नाही. आपल्याकडे करानं वर्षानुवर्षं चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला सवलत दिली. त्यातून एक-सव्वा लिटरच्या टर्बो इंजिनांची रांग लागली. खंबाटकीचा घाट, पाच माणसं, डिकीत सामान आणि एसी चालू: ते छोटं इंजिन त्या चढावर मॅपच्या वरच्या भागातच काम करतं. नार्दोच्या रिंगणावर जे महागड्या गाडीचं होतं, तेच घाटात एका सामान्य कुटुंबाच्या गाडीचं होतं. भारतानं २०२० मध्ये बीएस-फोरवरून थेट बीएस-सिक्सवर उडी घेतली आणि १ एप्रिल २०२३ पासून आरडीईही लागू केली. ही मोठी मजल आहे. पुढची नियमावली लिहिली जाईल तेव्हा भरलेल्या गाडीचा चढ, एप्रिलमधलं ऊन आणि पूर्ण दाबलेला पाय हे तिन्ही मोजणीत असावेत, एवढं माझं आग्रहाचं मागणं आहे. ते मोजलं गेलं की १.० टर्बो चांगलं की १.५ एनए, याचं उत्तर जाहिरातीत शोधावं लागणार नाही.

माझ्याबरोबर नार्दोला आलेली ती मुलगी आता स्वतःचा गट सांभाळते. तिच्या गटात एक रिवाज आहे: मॅपला मंजुरी देण्याआधी पूर्ण लोडवरच्या कार्बन मोनॉक्साइडचा आलेख टेबलावर ठेवायचाच, कायद्यानं मागितला असो वा नसो. टर्बो असो, एनए असो, मोटर जोडलेलं असो, प्रश्न सर्वांना तोच. मला वाटतं, येणाऱ्या वर्षांत जी थोडी इंजिनं शिल्लक राहतील, ती हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या हातची असतील. त्यांतलं एखादं तरी ९,००० आरपीएमला गाणारं असावं आणि त्याच्या मागून जाणाऱ्या बाळाला त्याचा काही त्रास नसावा, हे दोन्ही एकदम शक्य आहे. त्यासाठीच मी अजून हे काम करते.